"मॅडम, माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाहीये"

हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय त्याला मोजदाद नाही. कोणाला अ‍ॅडमिशनच्या अर्जासोबत स्वतःच्या अनुभवावर पाचसहाशे शब्द लिहून द्यायचे असतात, कोणाला लेखनाच्या वर्गात पहिलाच होमवर्क तो मिळालेला असतो, कोणी रिटायर झाल्यावर नातवंडांसाठी काहीतरी लिहून ठेवू म्हणून वही घेऊन बसलेलं असतं, आणि सगळे अडतात ते कुठला अनुभव घ्यायचा इथेच. तरुण मुलं म्हणतात काही घडलंच नाही, वयस्कर म्हणतात इतकं घडलंय की कुठून धरू. मला तरी दोघांची अडचण एकच वाटते, दोघंही काहीतरी मोठ्ठं, लोकांना सांगण्यालायक असं शोधत बसलेले असतात.

एका मुलीबद्दल सांगते. तिची परवानगी घेतलीये, आणि ओळख पटू नये म्हणून बरंच काही बदललंय. वय एकोणीस, तशी माझ्याकडे समुपदेशनाला आली होती झोप लागत नाही म्हणून, पण दुसऱ्यातिसऱ्या भेटीत कळलं की अर्जासाठीचा तो निबंध डोक्यावर बसलाय आणि एक ओळ पुढे सरकत नाहीये. मोबाईलवर यादी करून आणली होती, महत्त्वाच्या क्रमाने! पहिलं वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस, दुसरं आजीचं जाणं, तिसरं शाळा बदलली ते वर्ष.

"यातलं कुठलं आठवलं की अजून काहीतरी होतं तुला?"

"आजीचं आठवून वाईट वाटतं. पण ते सगळ्यांनाच वाटतं ना?"

"मग हेच तीन का?"

"असंच लिहितात ना मॅडम सगळे."

मी तिला तिन्ही अनुभव पाचपाच ओळीत लिहायला लावले आणि म्हटलं, आता ज्या वाक्यात तू स्वतः काही केलंयस, ठरवलंयस किंवा मुद्दाम टाळलंयस, त्याखाली रेघ मार. तिची वाक्यं अशी होती, सरांनी मला निवडलं, माझं नाव पुकारलं, आजी गेली, आई खूप रडली, नवीन शाळेत मला कोणी बोलवायचं नाही. पेन हातात तसंच राहिलं. "मी कुठेच नाहीये यात," म्हणाली. हे तिचं तिला दिसलं ते बरं झालं, मी सांगितलं असतं तर मान डोलावून घरी गेली असती.

ही रेघा मारायची पद्धत माझी स्वतःची आहे आणि ती सहसा फसत नाही. तुम्हीही करून बघा. अनुभव कितीही भारी असू दे, त्यात तुम्ही नुसते उभे असाल तर वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही, घटनेबद्दल कळतं.

पुढच्या भेटी काही खास गेल्या नाहीत, ते सोडून देते. मग एकदा मी नेहमीचा प्रश्न विचारला. अंथरुणावर पडल्यावर कुठला प्रसंग तू मनात परत परत वेगळा करून बघतेस, म्हणजे असं बोलायला हवं होतं, तसं करायला हवं होतं, असं?

ती हसली. "एक आहे, पण तो तर आमच्या घरातला जोक आहे."

जोक असा. ती अकरा वर्षांची असताना बाबांचा धंदा बसला, हप्ते थकले, वसुलीचे फोन सुरू झाले. बाबांचा मोबाईल तिच्याकडे दिलेला असायचा आणि फोन आला की तिने सांगायचं, बाबा आंघोळीला गेलेत. "आमचे बाबा त्या वर्षी दिवसातून दहा वेळा आंघोळ करायचे!" हे वाक्य आलं की नातेवाईक हमखास हसतात म्हणे. तिने सगळं एका दमात सांगितलं, हशा कुठे येणार हेसुद्धा तिला पाठ होतं.

"तेव्हा बाबा कुठे असायचे?"

"समोरच, सोफ्यावर. पेपर वाचत." मग थांबली. "वाचत नसायचे. नुसता धरून बसायचे."

मी काही बोलले नाही. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायची घाई केली की माणूस परत जोकमध्ये पळून जातं, हे इतक्या वर्षांत कळलंय.

"एकदा मी म्हटलं, आहेत, देते. आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला."

"हे जोकमध्ये येतं?"

"नाही. कोणालाच माहीत नाही हे. मी आणि बाबा, बस."

"का दिलास?"

"तेच कळत नाही ना मॅडम! कंटाळा आला होता, का मला त्यांना शिक्षा करायची होती?"

आठ वर्षं ती या एका प्रश्नाशी भांडत होती आणि यादीत पहिल्या नंबरला वक्तृत्व स्पर्धा!

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की झाली. घरोघर काही किस्से सांगून सांगून गुळगुळीत झालेले असतात, दर वेळी तेच शब्द, तोच हशा. असा किस्सा जसाच्या तसा कागदावर उतरवला तर तो चांगला वाटतो पण त्यातून नवीन काही निघत नाही. त्याला विचारायचं, यातलं काय मी कधीच सांगत नाही? जे गाळलेलं असतं तिथे बहुतेक वेळा तुमचा विषय बसलेला असतो.

जेफरसन सिंगर आणि पीटर सॅलोव्ही या मानसशास्त्रज्ञांनी अशा आठवणींवर लिहिलंय, माणसाला 'मी कोण' हे ठरवून देणाऱ्या आठवणी. त्यांच्या मते त्या स्पष्ट दिसतात, भावना अजून ताजी असते, परत परत येतात, तशाच दुसऱ्या आठवणींना जोडलेल्या असतात आणि एखाद्या न सुटलेल्या किंवा कायमच्या काळजीशी त्यांचा धागा असतो. घटना मोठी हवी असं कुठे आहे यात? माझा सगळा कल याच बाजूला आहे, माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट स्वतःला सांगतो तसा तो घडत जातो असं मी मानते, त्यामुळे निबंधाला मी फालतू काम समजत नाही. कित्येकदा जे बोलून हलत नाही ते एवढ्या एका पानाने हलतं.

दुसरी शंकाही कायम येते, मग आयुष्यातलं सगळ्यात दुःखद तेच लिहू का? इथे लोक जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाचा हवाला देतात. १९८६ साली त्याने आणि सँड्रा बील यांनी तो प्रसिद्ध केला, विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायला लावलं, आणि ज्यांनी क्लेशदायक घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी दिसल्या. खरंय, पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं हेही त्यातच आहे, आणि त्या लिखाणाला कोणी मार्क देणार नव्हतं. स्वतःसाठी लिहिणं वेगळं, परक्यासमोर ठेवायला लिहिणं वेगळं. लिहिताना आपण कोसळू असं वाटत असेल तर तो विषय सध्या लिहू नका, हे खुद्द पेनेबेकरही सांगतो. माझ्याकडे एक बाई घटस्फोटाची केस चालू असतानाच त्यावर लिहायला बसल्या होत्या, मी सरळ थांबवलं. आधी स्वतःपुरतं लिहा, फाडून टाका हवं तर.

परत तिच्याकडे येते. पुढची अडचण तिनेच काढली, हे तर बाबांचं आहे, मी कसं लिहू? फार योग्य प्रश्न, आणि बरेच जण तो विचारतच नाहीत. मी म्हटलं, कर्ज बाबांचं, त्याचे आकडे, कोणी फसवलं, ते सगळं सोड. मोबाईल तुझ्या हातात होता, तेवढं तुझं. आणि लिहायच्या आधी त्यांना विचार.

तिने विचारलं. ते म्हणाले, लिही की, पण मला असं काही आठवतच नाही.

ती चिडून आली होती माझ्याकडे. खरंच आठवत नाही का आठवायचं नाही, हे तिला कळेना, मलाही सांगता येईना. म्हटलं हेही लिही. तिथे निबंधाला जीव आला, कारण आता त्यात अकरा वर्षांची मुलगी होती आणि एकोणीस वर्षांचीही होती.

पहिल्या खर्ड्याच्या शेवटी तिने लिहिलं होतं, त्या दिवशी मला प्रामाणिकपणाचं महत्त्व कळलं. मी विचारलं, खरंच कळलं?

"छे! दुसऱ्या दिवशी परत सांगितलं ना मी, आंघोळीला गेलेत म्हणून."

ते वाक्य तिने उडवलं आणि हे घातलं. झोपेचं म्हणाल तर त्यावर आमचं काम अजून चालू आहे, पण अर्ज वेळेत गेला.

रिटायर मंडळींनाही मी हेच करायला सांगते, फक्त त्यांना आठवणी जास्त करून वयाच्या १० ते ३० वर्षांतल्याच येतात, ते बहुतेकांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिथलाच एखादा प्रसंग घ्या, पण पूर्ण वर्ष घेऊ नका. एक दुपार घ्या, जिथे कोण कुठे बसलं होतं हे अजून सांगता येतं आणि तुम्ही तसं का वागलात ते मात्र नीट सांगता येत नाही.