गाळात बुलॉइडिस वाढली म्हणजे पाऊस वाढला का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गोव्याच्या पश्चिमेला साडेतीन हजार मीटर खोलीवरच्या कोअरमध्ये (तळात नळी रोवून काढलेल्या गाळाच्या दंडात) ४४ सेंमीच्या नमुन्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या फोरॅमची, म्हणजे चुन्याचं कवच असलेल्या तरंगत्या एकपेशी जिवाची, टक्केवारी वरच्या-खालच्या नमुन्यांच्या जवळजवळ दुप्पट आली. मार्गदर्शक म्हणतात, ‘मान्सून जोरात होता, लिहून टाका.’ तुमचा हात अडतोय. दुसरी शंका अशी, की अरबी समुद्रात डायटम (काचेसारख्या सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शैवालं) एवढे माजतात, मग तुमच्या नमुन्यात ते नावालाही का नाहीत?

हात अडतोय हे बरं आहे. फोरॅम वेचण्यात माझी बरीच वर्षं गेली. तेव्हा सगळ्यांत जास्त चुका मी एकाच गोष्टीत केल्या: तळाच्या गाळाला समुद्राची जनगणना समजलो. ती जनगणना नसते. जत्रा उठल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानात फिरून कालच्या गर्दीचा अंदाज बांधायचा, तसं हे काम आहे. नारळाच्या करवंट्या दिसतात, बत्तासे दिसत नाहीत. म्हणून काल बत्तासे खपलेच नाहीत असं म्हणता येत नाही.

आधी बुलॉइडिसच्या बाजूने बोलतो, कारण मार्गदर्शकांचं म्हणणं हवेतलं नाही. ही जात मुळात समशीतोष्ण आणि त्याहून थंड समुद्रांतली. उष्ण कटिबंधातल्या कोमट, निवळ पाण्यात ती एरवी तुरळक असते. पण जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर सुटतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून आत समुद्राकडे लोटलं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. हेच अपवेलिंग. ऐन पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पाणी २० अंशांच्याही खाली जाऊ शकतं. वनस्पतिप्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात, आणि त्यांच्यावर पोसणारी बुलॉइडिस त्या काही आठवड्यांत इतकी वाढते की वर्षभराच्या गाळात तिचाच भरणा होतो. १९८७ मध्ये ओमानजवळ खोल समुद्रात वेधनं झाली. त्यातल्या ७२३ क्रमांकाच्या ठिकाणचा गाळ घेऊन अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ मध्ये दाखवलं, की गेल्या साधारण अकरा हजार वर्षांत बुलॉइडिस जिथे जिथे घसरते ते काळ उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या काळांशी जुळतात. काम पक्कं आहे, मी स्वतः त्याचा आधार घेतलेला आहे.

पण तिथे मोजलाय तो वारा. ओमानच्या किनाऱ्यावरचा वारा. पाऊस नव्हे, आणि महाबळेश्वरचा पाऊस तर नव्हेच. वारा आणि पाऊस यांचं नातं आहे, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही. आणि तुमचा कोअर ओमानचा नाही. आपल्या बाजूला उन्हाळी मान्सूनमधलं अपवेलिंग केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला जाणवतं, पण सोमालियापुढे ते फिकं. शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कोरडे, गार वारे अरबी समुद्राच्या उत्तर भागातलं वरचं पाणी थंड करतात, ते जड होऊन खाली बसतं, घुसळण होते आणि खालची पोषकं वर येतात. म्हणजे प्लवकांना वर्षातून दोनदा मेजवानी. हे नुसतं तर्काने सांगत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आर. आर. नायर यांनी हँबुर्ग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर १९८६ पासून अरबी समुद्रात गाळ झेलणारे सापळे टांगले होते. मोठं नरसाळं, खाली ठरावीक दिवसांनी आपोआप बदलणारे पेले. १९८९ मध्ये छापून आलं ते असं: तळाकडे जाणाऱ्या कणांचा मोठा लोंढा नैर्ऋत्य मान्सूनमध्ये, आणि दुसरा, लहान, ईशान्य मान्सूनमध्ये. तेव्हा तुमच्या ठिकाणची वाढलेली बुलॉइडिस पावसाळ्याची की हिवाळ्याची, हे एकट्या टक्केवारीवरून कळणार नाही.

त्या सापळ्यांनी आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. गाळ ही वर्षाची सरासरी नसते, बहराच्या आठवड्यांची असते. बाकीच्या महिन्यांचा वाटा त्यामानाने कमी. म्हणून ओमानजवळच्या बुलॉइडिसच्या कवचातलं मॅग्नेशियम मोजून तापमान काढलं तर ते पावसाळ्याचं तापमान, वर्षाचं नव्हे. हे विसरून एल निनोपासून हिमयुगापर्यंत गोष्टी रचलेल्या मी वाचल्या आहेत.

आता खाली जाण्याचा प्रवास. फोरॅमचं आयुष्य काही आठवड्यांचं. प्रजननाच्या वेळी जीव कवच सोडतो आणि रिकामं कवच बुडतं. वाळूच्या कणाएवढी कवचं दिवसाला शेकडो मीटर उतरतात, साडेतीन हजार मीटरचा तळ काही दिवसांत गाठतात. कोकोलिथचं, म्हणजे काही सूक्ष्म शैवालांच्या अंगावरच्या चुन्याच्या चकतीचं, तसं नाही. ती काही मायक्रॉनची चकती एकटी निघाली तर वर्षानुवर्षं तरंगत राहील आणि प्रवाह नेईल तिकडे जाईल. ती तळाला पोचते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी विष्ठेच्या गोळीत बसून. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण जगभरच्या खोल समुद्रातला पांढरा चिखल बऱ्याच अंशी याच वाहतूक व्यवस्थेवर उभा आहे.

तळाला पोचल्यावर खरी काटछाट सुरू होते. कॅल्साइट, म्हणजे या कवचांचा चुना, थंड पाण्यात, मोठ्या दाबाखाली आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या पाण्यात जास्त विरघळतं. खोल जावं तसे तिन्ही वाढतात. एका खोलीनंतर विरघळण्याचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो, ती लायसोक्लाइन. आणखी खाली वरून येईल तेवढं सगळं विरघळतं, ती सीसीडी, म्हणजे कार्बोनेटची भरपाई-खोली. पॅसिफिकमध्ये ही ४२०० ते ४५०० मीटरच्या आसपास, अटलांटिकमध्ये ५००० च्याही खाली. फरक पाण्याच्या वयाचा. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेलं पाणी पॅसिफिकच्या तळाला पोचेपर्यंत शेकडो वर्षं जुनं झालेलं असतं, वाटेत कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थाचा कार्बन डायऑक्साइड त्यात साठत जातो, आणि ते कवचं खायला लागतं. १८७२ ते १८७६ च्या चॅलेंजर मोहिमेतल्या नमुन्यांत हे दिसलंच होतं: कमी खोलीवर ग्लोबिजेरिनाचा पांढरट गाळ, फार खोलात लाल माती, एकही कवच नाही. वरचं जग दोन्ही ठिकाणी तेच असलं तरी.

साडेतीन हजार मीटर म्हणजे तुम्ही संशयाच्या पट्ट्यात आहात. आणि एक उलटं गणित ध्यानात ठेवा. वर उत्पादन वाढलं की खाली सेंद्रिय पदार्थ जास्त येतो, तो गाळातच कुजतो, गाळातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि लायसोक्लाइनच्या वर असूनही कवचं विरघळतात. ज्या काळात प्लवकं सर्वांत जास्त माजली, त्याच काळाचे सांगाडे सर्वांत वाईट अवस्थेत सापडू शकतात.

सगळी कवचं सारखी विरघळत नाहीत. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर पातळ आणि सच्छिद्र, ती आधी जाते. बुलॉइडिस मधल्या फळीतली, तीही फार टिकाऊ नव्हे. निओग्लोबोक्वॉड्रिना ड्युटर्ट्राय आणि ग्लोबोरोटालिया मेनार्डी दणकट. समजा १०० कवचांत ३० बुलॉइडिस आहेत. बाकीच्या ७० पैकी ४० रुबर विरघळल्या. उरल्या ६०, त्यात ३० बुलॉइडिस. टक्केवारी ३० वरून ५० झाली, वर समुद्रात काहीही न घडता.

माझी फजिती सांगतो. पहिल्याच वर्षी माझ्या एका नमुन्यात मेनार्डी आणि ड्युटर्ट्राय भरमसाट आल्या. या दोघी थोड्या खोलातल्या, पाणी झपाट्याने थंड होत जातं त्या थराच्या रहिवासी. मी दोन पानं लिहिली, की त्या काळात तो थर वर सरकला होता. प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझा ट्रे मायक्रोस्कोपखाली सरकवला आणि म्हणाल्या, “मोजलेलं नको, न मोजलेलं बघ.” काळ्या ट्रेच्या चौकटींत मी सोडून दिलेला चुरा पडला होता. बुलॉइडिस दिसते चार फुगीर लाडू एकमेकांना चिकटवल्यासारखी, मध्ये मोठं तोंड. मेनार्डी चपटी, काठाला जाड कड, करंजीसारखी. त्या चुऱ्यात मेनार्डीच्या नुसत्या कडा होत्या, सारण गळून पडलेल्या करंज्यांसारख्या. रुबरच्या सुट्या कप्प्यांच्या वाट्या होत्या. जी शाबूत राहिली तीच मी मोजली होती, आणि तीच जगत होती असं लिहिलं होतं. दोन पानं फाडली.

(दुसरी फजिती जास्त लाजिरवाणी. चवथीच्या सुट्टीला जाताना धुतलेला नमुना उघड्या बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्येच ठेवून गेलो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्या पाण्याचा सामू साडेपाचच्या आसपास येतो. परत आलो तर पातळ कवचांची काचेसारखी चमक जाऊन ती खडूसारखी झालेली. चार दिवसांत मी घरच्या घरी लायसोक्लाइन तयार केली होती. तुम्ही धुऊन झाल्यावर लगेच ओव्हनमध्ये वाळवता ना?)

डायटमचं उत्तर याच धाग्यात आहे, फक्त रसायन उलटं. त्यांचं कवच सिलिकाचं, आणि समुद्राचं पाणी सगळीकडेच सिलिकाला भुकेलेलं. कॅल्साइट थंड पाण्यात जास्त विरघळतं, सिलिका गरम पाण्यात. त्यामुळे डायटमची पातळ कवचं वरच्या कोमट पाण्यातच संपायला लागतात. जगभरात जेवढी सिलिका-कवचं तयार होतात त्यातली जेमतेम तीन टक्के कायमची पुरली जातात. अंटार्क्टिकाभोवती डायटमचा गाळ साठतो, कारण तिथे पाणी थंड, उत्पादन अफाट आणि फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्गुलेन्सिससारख्या जातींची कवचं जाडजूड. आपल्याच मध्य हिंदी महासागरात, जिथे भारत मँगनीजचे गोळे शोधतो, तळ ५००० मीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल. तिथे कॅल्साइट सगळं गेलेलं, मागे सिलिकाचा गाळ उरतो आणि त्यात रेडिओलेरिया (सिलिकाचा सांगाडा असलेले एकपेशी जीव) ठळक. तुमच्याकडे मात्र जे थोडे डायटम वाचले असतील ते नद्यांच्या मातीत हरवले असणार, आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली गेले असणार. चाळणीखालचं पाणी फेकून दिलं असेल तर ते डायटम तुम्हीच फेकलेत.

काहींचं तर काहीच उरत नाही. हिवाळ्यात अरबी समुद्रात हिरवी नॉक्टिल्युका, एक चमकणारा एकपेशी प्लवक, माजते. जुहूला नाहीतर देवगडला रात्री लाटा निळ्या चमकल्या की लोक मोबाइल घेऊन धावतात, तेव्हा बहुधा हीच असते. तिला ना चुन्याचं कवच ना काचेचं. हजार वर्षांनी तिथला गाळ काढणाऱ्याला तिचा सांगाडा सापडणार नाही.

ढवळण्याबद्दल थोडंच. पाकिस्तानच्या उतारावर प्राणवायूविरहित पाण्याचा पट्टा तळाला टेकतो, तिथे किडे जगत नाहीत आणि गाळाचे वर्षावर्षाचे पापुद्रे शाबूत राहतात. तुमच्या खोलीवर प्राणवायू आहे, म्हणजे किडे आहेत, आणि ते वरचे साधारण दहा सेंमी सतत उकरत असतात. हजार वर्षांत दोन सेंमी गाळ बसत असेल तर ही पाच हजार वर्षांची खिचडी. अशा गाळात एकाच नमुन्यात उठलेली उडी मला मुळातच खटकते. खरी घटना शेजारच्या नमुन्यांत पसरलेली दिसायला हवी. ४२ आणि ४६ सेंमीला काहीच नसेल तर आधी मोजणी पुन्हा करा, आणि तिथे उतारावरून घसरून आलेला बारीक वाळूचा थर तर नाही ना, हे कोअरच्या फोटोत बघा. आपल्या किनाऱ्यावरून माल खाली घसरतो याची शंका नको. २०१५ मध्ये लक्ष्मी खोऱ्यात, मुंबईच्या पश्चिमेला, जे वेधन झालं त्यात सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी घसरलेला अवाढव्य ढिगारा लागला, उथळ पाण्यातल्या चुनखडीसकट.

तर आता करायचं काय. त्याच स्लाइडवर तुकडे मोजा. काही जण आठ तुकड्यांचं एक कवच धरतात, तो हिशेब चालेल, पण सगळ्या नमुन्यांना एकच लावा. मग मेनार्डी आणि ड्युटर्ट्राय बघा. बुलॉइडिसबरोबर त्याही वाढल्या असतील, रुबर घटली असेल आणि चुरा वाढला असेल तर ते विरघळणं आहे, मान्सून नाही. बुलॉइडिस एकटीच वाढली असेल आणि चुरा तेवढाच असेल, तर मार्गदर्शकांचं पारडं जड. टक्केवारीबरोबर दर ग्रॅम कोरड्या गाळात किती बुलॉइडिस हेही काढा. तोही आकडा नद्यांच्या मातीने पातळ होतो, पण निदान दुसरी जात विरघळल्यामुळे तो फुगत नाही. आणि दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करताना त्याने १२५ मायक्रॉनच्या वरचं मोजलं की १५० च्या, हे आधी बघा. बुलॉइडिसची बारीक कवचं या दोन चाळण्यांच्या मध्ये बरीच अडकतात.

४२, ४४ आणि ४६ सेंमीच्या तुकड्यांचे आकडे इथे टाका. जमलं तर ४४ च्या ट्रेचा एक फोटोही, न वेचलेल्या चुऱ्यासकट.