बेळगाव भागात कंपनीशी करार करून ब्रॉयलर शेड टाकणं परवडतं का?

तुम्ही विचारलंय की पाच हजार ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेड टाकून कंपनीशी करार केला (पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, वाढवायचं आपण) तर किलोमागे काय मिळतं आणि बँकेचं कर्ज किती वर्षांत फिटतं. दर कुणीही सांगेल. कंपनीचा सुपरवायझर तर पहिल्याच भेटीत, चहा संपायच्या आत सांगतो. पण त्या दरावर शेडचा हिशेब मांडू नका, कारण तो दर जसाच्या तसा हातात पडत नाही. हातात पडतो तो सेटलमेंटच्या, म्हणजे बॅच संपल्यावरच्या हिशेबाच्या, कागदावरचा शेवटचा आकडा. खाद्य किती आलं, वजन किती भरलं आणि त्या महिन्यात कंपनीने स्टँडर्ड (किलोमागे किती उत्पादन खर्च यायला हवा तो आकडा) काय धरलं, या तीन गोष्टींवर तो ठरतो. तिन्ही आकडे कंपनीचे. आपण फक्त खाली सही करायची.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून राहतो. भातशेती आहे, शेडही आहे. या विषयावर घरातच इतकं ऐकून घेतलंय की तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो.

आधी आकडेमोड, म्हणजे पुढचं सांगताना अडायला नको. पाच हजार पक्षी, सरासरी दोन किलो, म्हणजे 10,000 किलो माल. खाद्य गेलं 16,000 किलो, म्हणजे एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेलं खाद्य) 1.6. कंपनीने पिल्लू 35 रुपयांना लावलं आणि खाद्य 40 रुपये किलोने, असं धरू. औषध, लसी, कंपनीचा वरखर्च सध्या सोडून देऊ. उत्पादन खर्च आला किलोला 81 रुपये 50 पैसे. कंपनीचं स्टँडर्डही तेवढंच आहे आणि ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवल्याबद्दल किलोमागे मिळणारा दर, 8 रुपये, तर तुम्हाला 80,000 मिळाले. आता तेच पक्षी काट्यावर पन्नास-पन्नास ग्रॅम कमी भरले असं समजा. माल झाला 9,750 किलो. खाद्य तर खाऊन झालेलं, ते काही कमी होत नाही. त्यामुळे एफसीआर 1.64 वर गेला आणि खर्च 83 रुपये 59 पैशांवर. वाढलेल्या खर्चातला निम्मा शेडवाल्याच्या माथी, असं करारात असेल तर ग्रोइंग चार्ज सात रुपयांच्या आत येतो आणि हातात पडतात साधारण 67,800. पन्नास ग्रॅमने बारा हजार नेले. ही बॅच तुम्ही रात्र रात्र जागून वाढवलेली असते. तुसाचं, मजुरीचं, हेस्कॉमचं विजेचं बिल तुम्हीच भरलेलं असतं.

हे पन्नास ग्रॅम जातात कुठे, ते माझ्या शेडात डोळ्यांदेखत बघितलंय.

एप्रिलचे दिवस. कंपनीतून फोन आला, "खाद्य काढा, रात्री दहाला गाडी लागते." उचलायच्या आधी पक्ष्याचं पोट रिकामं ठेवतात, त्याला माझी हरकत नाही. संध्याकाळी फीडर वर बांधले. दहा वाजले, बारा वाजले, गाडी नाही. फोन लावला की "निघालीय, निघालीय." पहाटेपर्यंत तेच उत्तर. उपाशी पक्षी आधी गोंधळ घालतो, फीडरखाली येऊन चोच मारत राहतो, मग तूस उकरायला लागतो. खाद्य काढल्यावर तासाला पाव ते अर्धा टक्का वजन उतरतं, उन्हात त्याहून जास्त. दहा वाजता ऊन तापलं तसे पक्षी पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकायला लागले. मी आणि बायको आळीपाळीने पत्र्यावर पाणी मारत होतो, पडद्यांना ओली पोती बांधत होतो. तरी मर सुरू झालीच. मी मेलेले पक्षी एका बाजूला काढून ठेवत होतो आणि ते सगळे माझ्याच मॉर्टॅलिटीत धरले जाणार हे मला माहीत होतं.

गाडी दुपारी आली. व्यापाऱ्याच्या माणसांनी आल्या आल्या आमच्या टाकीवर क्रेट धुतले आणि निथळायच्या आत रिकाम्या क्रेटचं वजन घेऊन वहीत लिहून टाकलं. त्यानंतर प्रत्येक खेपेला भरल्या वजनातून तेच ओल्या क्रेटचं वजन वजा होत होतं. एप्रिलच्या उन्हात प्लॅस्टिकचा क्रेट वाळायला कितीसा वेळ लागतो? तिसऱ्या-चौथ्या खेपेला क्रेट खडखडीत कोरडे होते. म्हणजे जे पाणी क्रेटमध्ये नव्हतंच, त्याचं वजन माझ्या मालातून कापलं जात होतं. मी म्हटलं, रिकामे क्रेट परत तोला. सुपरवायझर म्हणाला, "दादा, सगळ्या शेडवर असंच होतं. तुम्हीच पहिले विचारताय." मी म्हटलं, मग गाडी भरल्यावर उसाच्या काट्यावरनं नेऊ, येताना रिकामी गाडीही तोललेली असू दे. ड्रायव्हर नाही म्हणाला, त्याला उशीर होत होता. रात्रभर उशीर करून आलेल्या माणसाला आता घाई होती.

त्या दिवशी मदतीला माझे दाजी आले होते. त्यांचंही शेड आहे, माझ्याआधीपासून. त्यांनी मला भाताच्या खळ्याकडे बाजूला नेलं आणि म्हणाले, "गप बस की. उद्या पिल्लं टाकायची बंद केली तर शेडात काय भात मळणार हाईस?" मी गप बसलो नाही. लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी उचलल्याच्या, पावतीवर खाद्य काढल्याची वेळ, गाडी आल्याची वेळ, क्रेट ओले तोलले आणि वाट बघताना इतके पक्षी मेले, हे सगळं मराठीत लिहिलं आणि खाली सही केली. सुपरवायझरने त्यावर सही करायला नकार दिला, तेही लिहिलं.

सेटलमेंट आली, इंग्रजीत. त्यात ना उशिराचा उल्लेख, ना क्रेटचा. वजन कमी, मर जास्त, एफसीआर वाढलेला, कपात. कागद बघणाऱ्याला वाटावं की या माणसाने शेडकडे लक्षच दिलं नाही. मला पैशापेक्षा ते लागलं. त्यानंतर कंपनीने पिल्लं टाकली नाहीत. अख्खा पावसाळा शेड रिकामं होतं आणि हप्ते चालू होते.

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, दाजी पाहुण्यांना सांगतात की याने तोंडामुळे धंदा घालवला. माझं म्हणणं आजही तेच आहे. आमच्या सगळ्या पट्ट्यात ऊसवाला काटामारीचा नुसता संशय आला तरी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावतो. एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) किती, तोडणी-वाहतूक किती, हे त्याला तोंडपाठ असतं. तोच माणूस शेडात आला की वजनाच्या पावतीवर न वाचता सही करतो, कारण पुढच्या पिल्लांची भीती. कंपनी ही भीती वापरते आणि दाजींसारखी शहाणी माणसं त्याला व्यवहार म्हणतात.

त्या रिकाम्या पावसाळ्यात मी एक केलं. ओढ्यापलीकडच्या शेडचे मालक घरात कन्नड बोलणारे, वयाने मोठे, आमची फारशी ऊठबस नव्हती. त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या सेटलमेंटचे कागद मागितले. चंदगड तालुक्यातल्या माझ्या मावसभावाचेही आणले. तिन्ही ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले. एकाच कंपनीचे, जवळपास एकाच महिन्यातले. स्टँडर्ड खर्च तिघांचा वेगळा निघाला, पिल्लाला लावलेला भाव दोघांचा वेगळा. कदाचित त्याला कारण असेल, हॅचरी वेगळी, वाहतूक वेगळी. पण ते कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि विचारल्यावर "वरून येतं" एवढंच उत्तर मिळालं. त्या काकांनी आठ-नऊ वर्षांचे कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. ते आजवर कुणी मागितलेच नव्हते.

अमेरिकेतही कोंबडी अशीच करारावर वाढते. तिथे शेतकऱ्यांची आपसांत क्रमवारी लावून पैसे देतात, आणि त्यावरून तिथल्या शेडवाल्यांनी वर्षानुवर्षं तक्रार केली. 1921 चा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा आहे, त्याखाली फेब्रुवारी 2024 पासून नियम लागू झाला की करार करायच्या आधी कंपनीने आपल्या बाकीच्या शेतकऱ्यांना प्रत्यक्षात किती मिळालं ते लेखी दाखवायचं, आणि नुसती सरासरी सांगून भागत नाही. जास्त मिळवणाऱ्यापासून कमी मिळवणाऱ्यापर्यंत पाच हिस्से करून दाखवायचं. पिल्लं कुठल्या जातीची, किती वयाच्या कळपाच्या अंड्यांतली, हेही सांगायचं. पक्षी कापला त्या आठवड्यानंतर पंधरा दिवसांच्या आत पैसे. गाडी भरल्यावर माल लगेच न्यायचा, पोचल्यावर लगेच तोलायचा. म्हणजे मी ओसरीवर तीन कागद मांडून जे शोधत होतो, ते तिथे कंपनीने स्वतः होऊन द्यायचं असतं. आपल्याकडे केंद्राने 2018 मध्ये करार शेतीचा नमुना कायदा काढला, त्यात पशुधन आणि कोंबडी दोन्ही धरलेत. ब्रॉयलर करार जिथे रुजले त्या तामिळनाडूने त्या धर्तीवर 2019 मध्ये स्वतःचा कायदा केला. नमुन्याचा उपयोग राज्याने तो घेतला तरच.

पण वजनाचा कायदा आज हातात आहे आणि तो कुणी वापरत नाही. लीगल मेट्रॉलॉजी (वजन-मापांचा) कायदा 2009 चा आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर शिक्का लागतो. गाडीतून काटा उतरला की आधी शिक्का आणि वर्ष बघा. माझ्याकडे आता स्वतःचा, शिक्का असलेला काटा आहे. खाद्याच्या पोत्यांतली चार-सहा मधून मधून तोलतो, कारण पोतं छापील वजनाइतकं भरलं नाही तर तेही तुमच्या एफसीआरमध्ये जातं. रिकामे क्रेट सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीनदा तोलायला लावतो. दुसऱ्या कंपनीबरोबर काम चालू आहे आणि हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. त्यांनी मान्य केलं. दाजींचं म्हणणं की मला चांगली माणसं भेटली म्हणून जमलं. विचारल्याशिवाय माणूस चांगला की वाईट कळतं कसं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही करार सोडून स्वतःची पिल्लं टाकायला जाल. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या अफवेने चिकन कुणी खाईना, भाव मातीमोल झाला. आपल्याच जिल्ह्यात गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने खड्डा काढून हजारो कोंबड्या जिवंत पुरल्या, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. करारावर असलेल्या शेडवाल्याचे त्या काळात हाल झाले, बॅचा रखडल्या, पण पिल्लाचे आणि खाद्याचे पैसे त्याच्या अंगावर आले नाहीत. भावाची जोखीम कंपनी घेते, हे खरं आहे आणि ती छोटी गोष्ट नाही. म्हणून मी करार करू नका म्हणत नाही. कोंबडखताचे पैसेही आपलेच राहतात, आमच्याकडे भातवाले आणि ऊसवाले शेडावर येऊन घेऊन जातात.

कर्जाचं विचारलंत. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये वर्षाला सहा बॅच लिहून देतात. चाळीस दिवसांची बॅच आणि मधली शेड-धुणी, विश्रांती धरली तर कागदावर बसतात. तुम्ही पाच धरा, आणि त्यातली एक कपातीत जाईल असं समजून हप्ता बसतो का बघा. नाही बसला तर तीन हजारांपासून सुरुवात करा. किती वर्षांत फिटेल हे तुमच्या शेडच्या खर्चावर आणि बँकेच्या व्याजावर आहे, ते मी इथून सांगू शकत नाही.

सही करायच्या आधी दोन कामं करा. त्या कंपनीच्या तीन शेडवाल्यांचे मागच्या वर्षीचे कागद बघा, आणि त्यातला एक तरी कंपनी सोडून गेलेला असू दे. सुपरवायझर ज्यांच्याकडे घेऊन जातो त्यांचे नकोत. दुसरं, कराराच्या शेवटच्या पानावर वाद झाल्यास न्यायालय कुठल्या शहरातलं ते लिहिलेलं असतं. माझ्या पहिल्या करारात ते शहर दुसऱ्या राज्यातलं होतं, रात्रभराच्या प्रवासाचं. तिथे बेळगाव लिहून घ्या. घेत नसतील तर काट्याची आणि गाडीच्या वेळेची अट तरी त्याच कागदावर, त्यांच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि एक प्रत पिल्लं उतरायच्या आधी घरी आलेली असू दे.