मराठी माध्यमातून शिकलेल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने एमएस्सीच्या मुलांना इंग्रजीतलं शोधलेखन कसं शिकवावं? आधी स्वतः व्याकरणाचा क्लास लावावा का?

क्लासचा विचार तूर्त बाजूला ठेवा. मुलं अडतात ती बहुधा शोधनिबंधाचा कोणता भाग काय काम करतो हे कुणी दाखवलेलं नसतं म्हणून. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० मध्ये प्रस्तावनेची तीन पावलं मांडली: विषय महत्त्वाचा का, आधीच्या अभ्यासांत काय राहून गेलं, आणि ती जागा आपण कशी भरणार. तुमच्याच विषयातले दोन-तीन चांगले निबंध वर्गात घ्या आणि ही पावलं पेन्सिलीने खुणा करून शोधायला लावा. चर्चा खुशाल मराठीत होऊ द्या. हे काम इंग्रजीच्या प्राध्यापकांपेक्षा तुम्हाला जास्त जमेल, कारण रसायनशास्त्रात पुरावा कशाला म्हणायचं हे तुम्हाला ठाऊक आहे.

वाङ्मयचौर्याचा नुसता धाक घालून भागत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं आकड्याच्या मागे लागतात. खरी उणीव असते ती स्वतःच्या शब्दांत मांडायच्या सरावाची. उतारा वाचायचा, झाकायचा, मग लिहायचं. हे दर आठवड्याला करून घ्या.

पहिल्या खर्ड्यावर फक्त युक्तिवाद तपासा, स्पेलिंग नंतर. आणि स्वतःही लिहीत राहा. विभागातल्या दोघा-तिघांनी महिन्यातून एकदा एकमेकांचे खर्डे मोकळेपणाने वाचणं मला कुठल्याही आठवडाभराच्या प्रशिक्षणापेक्षा मोलाचं वाटतं.