गेन वाढवला, तरी सिग्नल गायब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दाराला इन्फ्रारेड किरणाचा अलार्म केलाय. एलईडी सतत 38 किलोहर्ट्झवर चालते. टीएसओपी 1738 हा रिसीव्हर सुरुवातीला किरण ओळखतो, मग वाटेत कोणी नसतानाही भोंगा वाजतो. रिसीव्हर गेला का?

नाही, तो त्याचं कामच करतोय. हा रिमोटसाठी बनवलेला रिसीव्हर, आणि रिमोट तुटक तुटक बोलतो. अखंड येणाऱ्या 38 किलोहर्ट्झला तो गोंगाट समजतो आणि आतला एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारा भाग) गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण, उतरवतो. एलईडी 600 मायक्रोसेकंद चालवा (साधारण 23 आवर्तनं), मग काही मिलिसेकंद बंद. ओळीने तीन-चार पल्स चुकल्या तरच भोंगा वाजू द्या, नाहीतर माशी गेली तरी घर जागं होईल.

प्रश्न: बीपीडब्ल्यू 34 फोटोडायोड (उजेडाचा करंट करणारा), एलएम 358 ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी चिप) आणि तिच्या आउटपुटपासून इनपुटला 10 मेगाओहमचा फीडबॅक रेझिस्टर, सगळं ब्रेडबोर्डवर. 38 किलोहर्ट्झ दिसतच नाही. रेझिस्टर आणखी वाढवू का?

उलट कमी करा. 10 मेगाओहमला समांतर अर्धा पिकोफॅरड आला तरी बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल पार होतो ती मर्यादा) 32 किलोहर्ट्झवर येते, आणि ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांतच त्याहून जास्त कपॅसिटन्स भरतो. एलएम 358 ची गेन-बँडविड्थ (दोन्हींचा गुणाकार) जेमतेम 1 मेगाहर्ट्झ, डायोडचा कपॅसिटन्स शून्य व्होल्टला सुमारे 70 पिकोफॅरड. एवढ्यावरच मर्यादा 15 किलोहर्ट्झच्या आसपास येते.

त्यात खोलीतला उजेड. फिलामेंट बल्बच्या 1000 लक्सला हा डायोड साधारण 70 मायक्रोअँपिअर देतो. 10 मेगाओहमवर त्याचे होतात 700 व्होल्ट! ऑपअँप सप्लायला जाऊन चिकटतो, आणि पहिलाच टप्पा चिकटला की पुढच्या फिल्टरांना करण्यासारखं काही उरत नाही.

टीएल 072 ऑपअँप घ्या, 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर. डायोडला उलटा बायस (उलट दिशेने व्होल्टेज) द्या, म्हणजे कपॅसिटन्स निम्म्याहून खाली येतो. रेझिस्टर 100 किलोओहम, त्याला समांतर 2 पिकोफॅरड, आणि पुढचा टप्पा कपॅसिटरमधून जोडा. याची किंमत आहेच: रेझिस्टर शंभरपट कमी केला की सिग्नल शंभरपट घटतो, पण रेझिस्टरचा स्वतःचा नॉइज (गोंगाट) दहापटच. म्हणून डायोड काळ्या नळीत बसवून आधी उजेड तोडा. मग 1 मेगाओहमपर्यंत जाता येईल.

प्रश्न: स्कोपवर 100 हर्ट्झची लाट दिसते.

आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो. दुसऱ्या टप्प्याआधी काही किलोहर्ट्झचा हायपास (त्याखालच्या लाटा अडवणारा फिल्टर) पुरे. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब असेल तर मात्र जपून. ती दहा-वीस किलोहर्ट्झच्या पुढे, कधी थेट तुमच्या 38 किलोहर्ट्झच्या कॅरियरजवळ लुकलुकते.

प्रश्न: सिग्नल नॉइजहून लहान असला तरी सापडतो?

सापडतो, कारण एलईडी कधी पेटते हे आपल्याला ठाऊक असतं. सीडी 4053 सारखा अ‍ॅनालॉग स्विच एलईडीच्याच क्लॉकवर चालवून सिग्नलची दिशा आलटून पालटून उलटवा, मग आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टरने सरासरी काढा. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी 1946 साली रेडिओमीटरमध्ये (क्षीण रेडिओ लहरी मोजणाऱ्या यंत्रात) हीच युक्ती वापरली. सरासरीचा काळ शंभरपट केला की नॉइज दहापट घटतो. पण निकालही तेवढाच उशिरा येतो, त्यामुळे दाराच्या अलार्मला पाव सेकंदाच्या पुढे जाऊ नका.