शुगर असताना दाढ काढली तर जखम भरते का?

भरते. आधी हेच सांगतो, कारण तुम्ही लिहिलं की बाबा ६२ चे आहेत, बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, खालची दाढ सडली, गाल सुजतो अन् गोळ्या खाल्ल्या की उतरतो, आणि गावात सगळे सांगून राहिले की शुगरवाल्यानं दात काढला तर जखम भरतच नाही, म्हणून बाबा म्हणतात शेतातला कापूस निघू दे मग पाहू. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दाताच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, डॉक्टर नाही, पण खुर्चीच्या बाजूला उभा राहून हेच पाहत असतो. कापूस निघेपर्यंत थांबू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

लोक म्हणतात त्यात थोडं खरं आहे. शुगर सारखी वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, बारीक नसा खराब झालेल्या असतात त्यामुळे जखमेला रक्त कमी पोचतं, नवीन मांस धरायला वेळ लागतो आणि पू होण्याची भीती जास्त. पण हे आटोक्यात नसलेल्या शुगरचं झालं. ज्यांची शुगर कंट्रोलमध्ये आहे त्यांचा खड्डा जवळपास बाकीच्यांसारखाच भरतो. आणि उलटी गोष्ट कोणी सांगतच नाही, की दाढेच्या मुळाशी पू साचून असला तर तो पूच शुगर वाढवतो. गोळ्या चालू, भात बंद, चहा बिनसाखरेचा, तरी शुगर काहून उतरत नाही म्हणून लोक हैराण असतात आणि तोंड उघडलं की हिरडी फुगलेली, बोटानं दाबली की पू येते.

आता आकड्यांचं. त्या दिवशीची शुगर १०० ते २०० च्या मधात असली तर डॉक्टर सहसा निवांत काढतात. २५० च्या वर असली आणि घाई नसली तर आधी शुगरच्या डॉक्टरकडे पाठवतात, औषध वाढवून मग काढतात. पण तोंड सुजलंय, पू आहे, ताप आहे, तर शुगर उतरायची वाट पाहत बसत नाहीत, पू काढणं आणि शुगर उतरवणं दोन्ही सोबत करतात, कधी भरती करून इन्सुलिन देऊन. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी पण करून घ्या, ७ च्या आसपास असली तर चांगलं, ८-९ च्या वर असली तर डॉक्टर जास्त सांभाळून घेतात. एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा नसतो, लोक आदल्या रात्री जेवतच नाहीत अन् सकाळी १३० दाखवतात.

दात काढायला उपाशी तर अजिबात नेऊ नका. आमच्याकडे एक काकू सकाळची शुगरची गोळी घेऊन उपाशी आल्या होत्या, त्यांना वाटलं ऑपरेशनसारखं असते. खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या कपाळावर घाम, हात थरथर कापत, पदर ओला झाला, मशीनवर शुगर ५८. डॉक्टरांनी तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, आणि दात त्या दिवशी काढलाच नाही. म्हणून सकाळची वेळ घ्या, नेहमीचा नाश्ता, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन, मग दवाखाना. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, फक्त सांगा. किडनीचा त्रास असला तर तेही सांगा, कारण मग दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या चालत नाहीत.

काढल्यावर गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, लाळ गिळायची, थुंकायचं नाही. पहिले २४ तास चूळ नाही, गरम चहा नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते तीच जखमेचं झाकण आहे, ती निघाली की खालचं हाड उघडं पडते, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणक लागते आणि तोंडाला घाण वास येतो. असं झालं तर परत दवाखान्यात यायचं, धुवून औषधाची पट्टी भरतात, घरी लवंगाचं तेल नाही तर हळद कोंबायची नाही.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण. बाबा खातात की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्या भागात हे विचारावंच लागते. दात काढून बोळा तोंडात असतानाच बाहेर बाकावर बसून पन्नीत खर्रा घोटणारे लोक मी पाहिलेत, "दुसऱ्या बाजूनं खातो ना" म्हणतात. दुसऱ्या बाजूनं खाल्ला तरी तंबाखूनं नसा आवळतात, जखमेला रक्त कमी पडते, सुपारीचे कण खड्ड्यात जाऊन बसतात, आणि वरून पिचकारी मारताना गुठळी उपटून येते. शुगरवाल्याच्या जखमेचं रक्त आधीच कमी, त्यात हे. निदान हिरडी जुळेपर्यंत तरी बंद ठेवा, बिडी असो का गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची पेस्ट), सगळंच. घरच्यांनी नुसतं रागावून होत नाही, दोन-तीन दिवस कोणीतरी सोबत राहावं लागते.

खाणं नरम द्या म्हटलं की लोक आइस्क्रीम, शिरा, ज्यूस देतात अन् शुगर ३०० वर नेतात. ताकातल्या थंड केलेल्या कण्या द्या, आंबील द्या, पातळ वरण, अंडं चालत असेल तर उकडून कुस्करून. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याची हलकी चूळ, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर तर नक्कीच.

हप्ताभरात खड्ड्यावर पांढरट थर दिसतो, तो पू नाही, काडीनं खरवडू नका. वरची हिरडी दोन-तीन हप्त्यांत जुळत येते, आतलं हाड भरायला तीन-चार महिने, कधी जास्तही. म्हणून महिन्यानं थोडा खड्डा दिसला अन् दुखत नसलं तर घाबरू नका. पण तीन हप्ते झाले तरी घाव तसाच असला तर दाखवाच, तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्की.

जबड्याखाली कडक सूज, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, ताप, असं काही असलं तर रात्र काढू नका, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. वरचा दात काढल्यावर जखम काळी पडली, गाल बधिर झाला, नाकातून काळसर पाणी आलं तर तेही त्याच दिवशी. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीनं जास्त करून शुगरच्या लोकांचे जबडे काढावे लागले होते. जवळ सोय नसली तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याच्या बाजूला सावंगी मेघेला पण आहे.

उद्याच पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) बाबांची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर करून घ्या, आशाताईंना विचारलं तर कधी जायचं ते सांगतील. आकडे आणि चालू गोळ्यांची नावं इथं टाका, मी डॉक्टरांना दाखवून विचारतो.