लसीने तोंड सुजलेल्या पिल्लाला पुढची लस द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मेहकरकडचं खेडं, पाच महिन्यांचा पामेरियन, नऊ रोगांच्या लसीचा दुसरा डोस. तासाभरात डोळे-तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीवरच्या अ‍ॅविलचं इंजेक्शन दिलं आणि सकाळपर्यंत सगळं उतरलं. आता रेबीजची लस बाकी आहे, आणि सासूबाई म्हणतात, पुन्हा सुई नको.

सुई द्यायची. पण मागच्या वेळी दिली तशी नाही.

मी डॉक्टर नाही. दारव्हा तालुक्यात शेती करतो. आमचा बिट्टूही पामेरियनच, आणि त्याच्यासोबत हे सगळं भोगून झालं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि कापूस वेचणी ऐन भरात होती. दिवसा घरी कोणी नाही, म्हणून घरी येऊन लस टोचणाऱ्या एकाला संध्याकाळी बोलावलं. पहिली माझी चूक ही. दुसरी चूक त्याची आणि माझी अर्धी अर्धी: 'पुन्हा चक्कर कशाला' म्हणून त्याने नऊ रोगांची आणि रेबीजची, दोन्ही लसी एकाच वेळी टोचल्या, आणि मीही मान हलवली. पाच मिनिटांत पैसे घेऊन तो पुढच्या गावाला गेला. बिट्टू तेव्हा जेमतेम तीन किलोचा.

अर्ध्या तासाच्या आत तो बाजेच्या दोरीला तोंड घासायला लागला. मग पापण्या सुजल्या, थोबाड फुटायला आलेल्या बोंडासारखं झालं. आई म्हणाली, "इचू डसला अशीन त्याले." ती काही चुकीचं बोलली नव्हती. आपल्याकडे तोंड सुजलेलं कुत्रं दिसलं की विंचू, गांधीलमाशी, साप, सगळ्यांचा विचार करावाच लागतो. पण हा दिवसभर घरातच होता आणि सुई नुकतीच टोचली होती. मग दोन उलट्या झाल्या, पातळ संडास झाली, मागचे पाय लुळे पडले. ओठ उचलून बघितला तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. बायकोने त्याला दुपट्ट्यात गुंडाळलं आणि आम्ही मोटरसायकलवर तालुक्याला निघालो. दवाखाना बंद झाला होता. डॉक्टर घरी होते, हे नशीब. त्यांनी आधी मांसात अ‍ॅड्रेनलिन दिलं, मग सलाईन लावलं, नंतर अ‍ॅविल आणि डेक्सा (स्टेरॉइड). रात्री दहाला बिट्टूने मान उचलली.

तुमच्या पिल्लाचं आणि बिट्टूचं दुखणं मुळात एकच, तुमचं सौम्य निघालं एवढंच. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. पहिल्या डोसच्या वेळी शरीर लसीतल्या एखाद्या घटकाची ओळख करून घेतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तोच घटक आला की काही पेशी एकदम सूज-खाज आणणारं हिस्टामीन सोडतात. म्हणून पहिली लस सुखरूप जाते आणि आपण गाफील राहतो. दोष दर वेळी रोगाच्या जंतूचाच असतो असंही नाही. लस बनवताना गाईच्या रक्तातली प्रथिनं वापरतात, टिकावी म्हणून जिलेटिन घालतात, त्यांचाही त्रास होतो. कुत्र्यांत याचा फटका त्वचेबरोबर पोट आणि यकृताला बसतो. त्यामुळे नुसती सूज दिसली तर डॉक्टरला फोन करायचा. पण उलटी, हगवण, धाप, पांढऱ्या हिरड्या किंवा लुळेपणा यातलं काहीही दिसलं की फोनवर बोलत बसायचं नाही, निघायचं.

हिरड्या बघायची सवय आत्ताच करून घ्या, पिल्लू धडधाकट आहे तोवर. अंगठ्याने हिरडी दाबा आणि सोडा. पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला पाहिजे. हिरड्या काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

बारक्या कुत्र्यांनाच हे जास्त का होतं? लसीची बाटली तीन किलोच्या पामेरियनला आणि चाळीस किलोच्या जर्मन शेफर्डला सारखीच, एक मिली. अमेरिकेत २००५ मध्ये बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लसीनंतर तीन दिवसांत काही ना काही त्रास झालेली कुत्री दहा हजारांत साधारण ३८ निघाली. लहान चणीच्या कुत्र्यांत प्रमाण जास्त होतं, आणि एका भेटीत जितक्या जास्त लसी, तितका धोका जास्त. हे वाचलं तेव्हा मला तो संध्याकाळचा 'पुन्हा चक्कर कशाला' आठवला. मग अर्धीच लस द्या, असं कोणी सुचवेल. नका देऊ. अर्ध्या डोसने संरक्षण मिळेल याची खात्री नाही, आणि अ‍ॅलर्जी व्हायला तेवढीही पुरते.

बिट्टूच्या बाबतीत दोन्ही लसी एकाच दिवशी टोचल्यामुळे दोष कोणत्या लसीचा, हे आजतागायत कळलं नाही. तुमचं तसं नाही. त्रास कोणत्या लसीने झाला, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पहिलं काम, लस कार्डावर त्या लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, तारीख, किती वेळाने काय झालं आणि कोणतं औषध दिलं, हे सगळं लिहून घ्या. पुढे डॉक्टर बदलला तरी कार्ड बोलेल.

पुढच्या वेळी रेबीजला आम्ही जे केलं ते सांगतो. सकाळी आठला दवाखान्यात गेलो, म्हणजे पुढे अख्खा दिवस डॉक्टर हाताशी. त्या दिवशी फक्त रेबीज, दुसरी कोणतीही लस नाही. सुईच्या आधी मी सरळ विचारलं, "साहेब, अ‍ॅड्रेनलिन आहे न जी?" त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवलं, राग नाही मानला. बिट्टू आधी शॉकमध्ये गेला होता, म्हणजे अ‍ॅलर्जीने रक्तदाब एकदम पडला होता, म्हणून त्यांनी पायाला सलाईनची सुई आधीच लावून ठेवली, अ‍ॅविल अर्धा तास आधी दिलं. मग लस. नंतर तासभर आम्ही दवाखान्यातल्या कडुनिंबाखाली बसून होतो. काही झालं नाही. आधी अ‍ॅविल दिलं म्हणजे शॉक येणारच नाही असं मात्र समजू नका, ते फक्त सूज-खाज आटोक्यात ठेवतं. शॉकवर औषध अ‍ॅड्रेनलिनच.

नऊ रोगांच्या लसीऐवजी चार आठवड्यांनी दुसऱ्या कंपनीची लस दिली, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) भाग नसलेली. थोडी पापणी सुजली, बस. लेप्टो वगळावा की नाही हे तुमच्या डॉक्टरांवर सोडा. उंदराच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून तो रोग पसरतो, माणसालाही होतो, आणि गोठ्यात-कोठारात उंदीर कोणाकडे नाहीत? पिल्लाचे डोस आणि वर्षाचा बूस्टर झाला की डिस्टेंपर-पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस तीन वर्षांतून एकदा पुरते, असं जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दरवर्षी देतात. तुमच्यासारख्या केसमध्ये हे डॉक्टरांशी नक्की बोला. रेबीजचं वेळापत्रक मात्र लसीच्या लेबलप्रमाणेच.

सासूबाईंना काय सांगायचं? माझे काका मला म्हणाले होते, "आमच्या बुड्याच्या काळात कोनं देल्ले होते कुत्र्याले इंजेक्शनं?" खरं आहे, कोणी नव्हते दिले. त्या काळी पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं की काय व्हायचं, हेही काकांनीच सांगितलेलं. सूज उतरते, शॉकवरही वेळेत इलाज होतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रं काय आणि माणूस काय, जवळपास कोणीच वाचत नाही. तुमचं पिल्लू अंगणात झोपतं आणि रात्री गावची कुत्री तिथूनच जातात.

घरी काय ठेवावं असंही विचारलंय. वजनाप्रमाणे अ‍ॅविलची मात्रा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या, अंदाजाने देऊ नका. माणसाची सर्दीची गोळी तर चुकूनही नाही, तिच्यात पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारी औषधं असतात, ती कुत्र्याला विषासारखी. ब्रुफेनही नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा नंबर फोनमध्ये ठेवा, पण शॉकमध्ये गाडीची वाट बघत थांबू नका. सुईच्या जागी वाटाण्याएवढी गाठ, एखादा दिवस मरगळ, जेवण कमी, एवढ्याला घाबरायचं कारण नाही. गाठ महिन्याभराने तशीच असली किंवा वाढत असली तर दाखवा.

एक सांगा, मागच्या लसीच्या बाटलीचं स्टिकर तुमच्या कार्डावर चिकटवलेलं आहे का? नसेल तर आजच दवाखान्यात जाऊन रजिस्टरमधून नाव आणि बॅच उतरवून आणा.