कुवेतमध्ये एकही नदी नाही, मग तिथे पाणी येतं कुठून? आणि लातूर-बीडला तसंच का करत नाहीत?

१९९८ ते २०१३ मी कुवेतच्या एका वीज-पाणी प्रकल्पात शिफ्ट केल्या. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झोपेतही देईन. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडेलच असं नाही.

पूर्वी तिथे पाणी गलबतांतून यायचं. उत्तरेला शत्त अल-अरब नदी आहे, तिचं गोडं पाणी भरून आणायचं आणि गावात विकायचं. १९३९ मध्ये तर या धंद्याची रीतसर कंपनी निघाली. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा मला ती गलबतंच आठवली. पण कुवेतला तेल लागलं आणि गोष्ट बदलली. १९५१ मध्ये तेल कंपनीनं अहमदीच्या बंदरावर समुद्राचं पाणी गोडं करणारा छोटा प्लांट लावला. १९५३ मध्ये सरकारनं शुवैखला दिवसाला १० लाख गॅलनचा उभारला.

तत्त्व सोपं आहे. समुद्राचं पाणी तापवा, वाफ धरा. पण नुसतं उकळत बसलो तर इंधन परवडत नाही. म्हणून पाणी ९०-१०० अंशांपर्यंत तापवायचं आणि एकाला एक लागून असलेल्या वीसेक बंद खोल्यांतून सोडायचं. प्रत्येक पुढच्या खोलीत दाब आधीपेक्षा कमी. दाब उतरला की त्यातलं थोडं पाणी परत न तापवता भसकन वाफ होतं; शेवटच्या खोलीत तर चाळीस अंशांनाही. वर नळ्यांतून समुद्राचं गार पाणी वाहत असतं. वाफ त्यांना लागून थेंब होते, खालच्या पन्हळीत पडते, आणि तिची उष्णता आत येणाऱ्या पाण्यालाच मिळते. तापवायची वाफ शेजारच्या वीज केंद्राच्या टर्बाइनमधून येते, म्हणून वीज आणि पाणी तिथे एकाच कुंपणात असतात.

या नळ्यांना आतून क्षारांची पुटं चढतात, जुन्या तांब्याच्या बंबाला चढतात तशीच. ती निघावीत म्हणून लिंबाएवढे स्पंजचे गोळे पाण्याबरोबर नळ्यांतून फिरवतात. गोळा नळीपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे घासत जातो. पलीकडे जाळीत किती परत आले ते मोजायचे, झिजलेले फेकायचे. एवढ्या अवाढव्य प्रकल्पात माझं पहिलं काम हे: गोळे मोजणं. घरी पत्रात मी ‘ऑपरेटर’ असंच लिहिलं होतं.

निघालेलं पाणी इतकं शुद्ध की बेचव, वर लोखंडी पाइपही खातं. म्हणून त्यात विहिरींचं मचूळ पाणी थोडं मिसळतात, मग कुठे ते पाण्यासारखं लागतं. नवा माणूस हमखास विचारायचा, एवढा खटाटोप करून परत खारंच घालायचं?

भीती मात्र कायम असते. कधी समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या इनटेकच्या जाळीवर जेलीफिशचा थर बसतो आणि रात्रभर फावड्यानं ओढावा लागतो. १९९१ मध्ये इराकी सैन्यानं आखातात कच्चं तेल सोडलं, तेव्हा तर सगळ्या किनाऱ्यावरच्या प्लांटांचं धाबं दणाणलं होतं. म्हणून साठवणीला तिथे फार महत्त्व. ते प्रसिद्ध निळे कुवेत टॉवर्स मुळात पाण्याच्या टाक्या आहेत. मोठ्या गोळ्याच्या वरच्या भागात उपाहारगृह, खाली पाणी.

आता लातूर. आजकाल नवे प्लांट बहुतेक आरओचे, म्हणजे पाणी न तापवता दाबानं पडद्यातून गाळणारे; हजार लिटरला साधारण तीन-चार युनिट वीज लागते. पण कुवेत समुद्राच्या काठावर बसलंय आणि लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच. नुसतं वर चढवायलाच हजार लिटरमागे आणखी दीड-दोन युनिट, शिवाय शेकडो किलोमीटरची पाइपलाइन. माझ्या वेळी कुवेत सरकार घरगुती ग्राहकाला हजार गॅलन ८०० फिल्सना, म्हणजे एका दिनारपेक्षाही कमी दरात द्यायचं, खर्च त्याच्या कितीतरी पट. ती तूट तेलाचा पैसा भरतो. आपल्याकडे कोण भरणार? मुंबईचं वेगळं. समुद्र दाराशी आहे आणि पालिकेचा मनोरीला रोज २० कोटी लिटरचा प्रकल्प ठरलेला आहे. तिथे निदान वाद घालायला अर्थ आहे.

कुवेतकडून काही उचलायचंच तर मी सुलैबिया उचलीन. शहराचं सांडपाणी तिथे आरओतून काढतात. हा जगातल्या मोठ्या अशा प्रकल्पांपैकी एक. ते पाणी प्यायला देत नाहीत, शेतीला देतात. लातूरचं सांडपाणी लातूरातच आहे, ते चढवायलाही लागत नाही. सुलैबियाच्या बाजूला गोठे आहेत, आणि आमच्या कॅम्पमध्ये चहाला लागणारं दूध तिकडूनच यायचं. पंधरा वर्षं प्यायलो, कुणी एकदाही विचारलं नाही की चारा कोणत्या पाण्यावर वाढलाय.